चौकोन सारखे येणारच नाहीत!
मैत्रिणीच्या बाळासाठी पाचजणींनी मिळून क्रोशाचं ब्लँकेट करायचं तर सगळ्यांचे चौकोन एका मापाचे कसे येणार, असं विचारलंयस. नाहीच येत गं! दोरा-सुई एकच घेतली तरी प्रत्येकीचा हात वेगळा. आमच्यातली एक इतकी घट्ट विणते की तेवढ्याच फेऱ्यांत तिचा चौकोन चार इंच आणि दुसरीचा साडेचार, मग घट्टवालीला 4 एमएमची सुई दिली, सैलवालीला 3.5ची, आणि उरलासुरला फरक कडेच्या मुक्या खांबांच्या (म्हणजे आखूड, घट्ट टाक्यांच्या) फेरीत मारला. ही फेरी आणि जोडणी मात्र एकीनेच करायची, म्हणजे टाका एकसारखा दिसतो.

मुंबईच्या उकाड्यात लोकर नकोच, कॉटन घ्या. गडद दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, लाल तर बरेचदा रंग सोडतो. जाळी बारीक ठेवा, बाळाची बोटं अडकतात. दोऱ्याची टोकं नुसती कापू नका, उलटसुलट ओवून घ्या.

आणि हो, वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत सैल पांघरूण घालू नये म्हणतात, त्यामुळे आम्ही दुपट्याएवढंच केलं, जागेपणी खाली अंथरायला. मणी, बटणं, गोंड्यांचा मोह आवरा, सगळं तोंडात जातं.