संगणक रखडला की आपण प्रश्न विचारणंच सोडून देतो

कळफलक
आमच्याकडे विक्रीचे आकडे चाळायचं काम असतं. जिल्हा बदला, महिना बदला, आलेख बघा. सर्व्हर पळत असला की माणसं भराभर शंका काढतात: नाशिकला दिवाळीत खप का पडला? मग जळगावला काय झालं? तोच रखडला की पहिल्याच आलेखावर अहवाल रवाना. वेळ गेला हे सगळ्यांना दिसतं. कुठले प्रश्न राहून गेले याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

लिऊ आणि हीअर या संशोधकांनी २०१४ साली हेच तपासलं. आलेखांवरच्या प्रत्येक कृतीला फक्त अर्धा सेकंद जादा उशीर लावला, तर लोकांनी माहिती कमी चाळली, निरीक्षणंही कमी नोंदवली. आधी मंद यंत्रणेवर बसलेल्यांचा हात पुढे वेगवान यंत्रणेवरही आखडता राहिला. गूगलच्या प्रयोगातही १०० ते ४०० मिलिसेकंदांच्या उशिराने शोध ०.२ ते ०.६ टक्क्यांनी घटले, आणि सर्वाधिक उशीर सोसलेल्यांचे शोध उशीर काढल्यावरही काही आठवडे कमीच राहिले. मंदपणाची सवय लागते, हे मला सगळ्यात गंभीर वाटतं.

सावकाश
अजिबात पटलं नाही. ओहारा आणि पेन यांचा १९९९ चा अभ्यास बघा. आठ सोंगट्या सरकवायच्या कोड्यात प्रत्येक चालीनंतर यंत्र थोडा वेळ अडवून ठेवलं, तर लोक आधी डोकं चालवून कमी चालींत कोडं सोडवू लागले. पंचकार्डांच्या काळात, म्हणजे प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवरून संगणकाला देत तेव्हा, निकाल हाती यायला तासन्‌तास लागत, म्हणून लोक प्रोग्रॅम कागदावर ओळन्‌ओळ तपासून मगच देत. आता चूक दिसली की काहीतरी बदलायचं आणि पुन्हा चालवायचं. याला विचार म्हणायचं का?

कळफलक
कोड्यात सगळ्या सोंगट्या डोळ्यांसमोर असतात, म्हणून बेत आखता येतो. आकड्यांत पुढे काय दडलंय हे बघितल्याशिवाय कळतच नाही. आयबीएमच्या डोहर्टी आणि थडानी यांनी १९८२ मध्येच लिहून ठेवलंय की माणूस पुढच्या काही कृती मनात धरून बसलेला असतो. उशीर झाला की ती साखळी तुटते आणि पुन्हा जुळवावी लागते.

खिडकीमागून
मी अर्ज स्वीकारणाऱ्या खिडकीवर बसते. दर वेळी तीन सेकंद लागले तर हात त्या लयीत बसतो. पण कधी लगेच, कधी अर्धा मिनिट, याने जीव जातो. पडदा गोठला की मी अर्जाचा क्रमांक चिठ्ठीवर टिपते आणि पुढच्या माणसाला घेते. मग कुठला अर्ज चढला, कुठला राहिला, ते संध्याकाळी ताडून बघत बसायचं. समोरची माणसंही घाबरून फीचं बटण दोनदा दाबतात. सावकाश, यात कुणालाही विचार करायला उसंत मिळत नाही हो.

सावकाश
खिडकीपुरतं मान्य, ताई. तिथे उशीर नकोच. पण जे मागे घेता येत नाही, तिथे तो हवा. जीमेलमध्ये पाठवलेलं पत्र ३० सेकंदांपर्यंत थोपवून परत घ्यायची सोय आहे. तसा थांबा पैसे पाठवतानाही असावा, असं माझं ठाम मत आहे.

कळफलक
त्या ३० सेकंदांत जीमेल मला अडवत नाही. पडदा मोकळा असतो, मी पुढचं पत्र लिहायला घेतो. असा थांबा मलाही चालेल.