अनुभव धागा: उन्हाळी सत्रातली निवांत सहल, म्युनिक ते आमरझे आणि आंडेक्स

जर्मनीतल्या उन्हाळी सत्राचे तास एप्रिलपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालतात. जूनमध्ये म्युनिकला रात्री नऊनंतरही उजेड असतो, म्हणजे सकाळी आरामात निघूनही अख्खा दिवस हाती राहतो. तरी नवे विद्यार्थी तो साल्झबुर्ग शहर किंवा नॉयश्वानस्टाईनचा किल्ला उरकण्यात घालवतात. इथे फक्त सावकाश सहलीबद्दल लिहूया: एक तळं (आमरझे), एक चढण (आंडेक्सच्या टेकडीवरच्या मठाची). तिकीट, वाट, खाणं आणि नेमकं कुठे अडतं, ते जाणकारांनी सांगावं.

---

तिकिटापासून सुरुवात. डॉइचलांडटिकेट (देशभरच्या स्थानिक गाड्या-बसचा पास, जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो) असेल तर तळ्याकाठच्या हेर्शिंग गावाला जायला वेगळा खर्च नाही. पण ते मासिक वर्गणीवर चालतं. महिनाअखेर बंद करायचं तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. दोन महिन्यांच्या कोर्ससाठी आलेले नेमके इथे फसतात आणि परत गेल्यावरही पैसे कापले जातात. चार-पाच जण मिळून जात असाल तर बायर्न-टिकेट पाहा, म्हणजे बायर्न (बव्हेरिया) राज्यातलं एका दिवसाचं गटाचं तिकीट. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं, शनिवार-रविवारी आदल्या मध्यरात्रीपासून. त्यावर प्रत्येकाचं नाव लिहायचं, नाहीतर तपासनीस ते मानत नाही.

गाडी एस-८ ही उपनगरी लोकल, शेवटचं स्टेशन हेर्शिंग, मुख्य स्थानकापासून पाऊण तासाच्या आसपास. उलट दिशेची एस-८ विमानतळाला जाते, म्हणून फक्त आकडा बघून चढू नका, पाटीवरचं गाव वाचा. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि मधल्या टप्प्यात बदली बस लागते. आदल्या रात्री ॲपमध्ये पाहून ठेवावं.

---

हेर्शिंग स्टेशनातून तळं चालत काही मिनिटांवर आहे, पण माझं मत: आधी आंडेक्स. कीनटालच्या ओढ्याकाठची वाट झाडीतून जाते, सावकाश चाललं तरी एक ते सव्वा तास. शेवटचा चढ तेवढा दमवतो. पावसानंतर झाडांची मुळं निसरडी होतात. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. वर बेनेडिक्टाइन मठ, त्याची स्वतःची ब्रुअरी आणि चर्च. संगीतकार कार्ल ऑर्फ यांची समाधी याच चर्चमध्ये आहे, आत जाऊन शांतपणे पाहावी.

इथली डॉपेलबॉक बिअर सुमारे ७ टक्क्यांची असते, साध्या बिअरपेक्षा बरीच कडक. ती घेतली तर त्या दिवशी तळ्यात उतरू नये. न पिणाऱ्यांसाठी आप्फेलशोर्ले, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. उन्हात यासारखं दुसरं काही नाही.

---

खाण्याचं: रविवारी गावातली सुपरमार्केटं बंद असतात, त्यामुळे खरेदी शनिवारीच. बायर्नच्या जुन्या पद्धतीच्या बिअरगार्टनमध्ये (झाडाखाली बसायच्या बिअरच्या बागेत) पेय त्यांचं आणि डबा आपला, हे १९९९ च्या सरकारी नियमातही आहे. मात्र टेबलक्लॉथ घातलेल्या टेबलांवर वाढप्यांची सेवा असते, तिथे डबा उघडायचा नाही. सुक्या बटाट्याच्या भाजीची पोळीत गुंडाळी सर्वांत सोयीची. रस्सा आणि दही पाठपिशवीत सांडतात. शाकाहारी लोकांनी ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) घेताना 'श्माल्त्स' आहे का विचारावं, काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी घालतात. माणशी दीड लिटर पाणी घ्या. 'काइन ट्रिंकवासर' लिहिलेल्या कारंज्याचं पाणी पिण्याचं नसतं. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती फेकू नका.

---

वरच्या क्रमाला एक दुरुस्ती. दुपारनंतर गडगडाटाचा अंदाज असेल तर क्रम उलटा करा: पोहणं सकाळी, आंडेक्स नंतर, आणि तेही वादळाचा जोर नसेल तरच, कारण वाऱ्यात झाडीतली वाट धोक्याची. आल्प्सच्या बाजूचं वादळ फार झपाट्याने येतं. काठावर नारिंगी दिवे आहेत: मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराच्या वाऱ्याचा इशारा, ९० वेळा म्हणजे वादळाचा. पण ४० वरच बाहेर या. मोजत बसण्यात वेळ जातो आणि पाण्यातून काठ वाटतो त्यापेक्षा लांब असतो.

---

परतताना त्याच वाटेने यायची गरज नाही. हेर्शिंगहून बोटीने पलीकडच्या डीसेन गावाला जा (डॉइचलांडटिकेट बोटीवर चालत नाही), वास्तुकार योहान मिखाएल फिशर यांनी बांधलेलं १७३९ चं मारीएनम्युन्स्टर चर्च पाहा, आणि तिथून रेल्वेने वाइलहाइममार्गे म्युनिक. मात्र शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच धक्क्यावर वाचून घ्या, संध्याकाळी ती लवकर संपते.

गवतात बसलात तर घरी येऊन गुडघ्यामागे, काखेत, कंबरेला गोचीड आहे का पाहावं. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून हळू सरळ ओढायची. तेल लावायचं नाही, चिरडायची नाही. पुढच्या दिवसांत तिथे लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टर. बायर्नच्या बहुतेक भागात गोचिडीतून मेंदूज्वरही होतो, त्याची लस आल्याआल्याच विचारा.

---

आमरझेऐवजी टेगर्नझे या दुसऱ्या तळ्याला जाणाऱ्यांसाठी: म्युनिकहून तिकडे जाणारी गाडी वाटेत दोनदा तुटते. होल्झकिर्खेनला एक भाग बायरिशझेलला जातो, शाफ्टलाखला दुसरा लेंगग्रीसला. डब्यावरच्या पाटीत 'टेगर्नझे' आहे का ते चढण्याआधी पाहा, मग खिडकीची जागा शोधा.