चवळीच्या बरणीतले नर-मादी वैर

रानवाटा: काल येथे एका सदस्याने लिहिले की, नर-मादी एकाच वंशासाठी राबतात आणि कीटकांतला 'संघर्ष' म्हणजे माणसाने आपल्या घरातली भांडणे किड्यांच्या माथी मारणे होय. हे वाचून गप्प बसवेना. उत्क्रांतीचे अभ्यासक विल्यम राइस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ड्रोसोफिला या फळमाशीचे नर ४१ पिढ्या बदलू दिले, परंतु माद्या दर वेळी मूळ साठ्यातूनच आणल्या. म्हणजे माद्यांना प्रत्युत्तराची संधीच ठेवली नाही. त्या नरांचा वीर्यद्रव अधिक विषारी झाला आणि त्यांच्याशी जुगलेल्या माद्या लवकर मरू लागल्या. यात एकोपा कोठे आहे, तो दाखवावा.

शांतिपाठ: ते वाक्य माझेच आहे. मादीला पळायला जागा नसलेल्या बाटलीत नर कोंडायचा आणि मग त्यालाच खलनायक ठरवायचे, हा कोणता न्याय? हॉलंड आणि त्याच राइस यांनी १९९९ मध्ये दाखवले की, ४७ पिढ्या एक नर-एक मादी अशी जोडी ठेवली असता नर कमी अपायकारक झाले. हे आपण सोयीस्करपणे गाळले.

रानवाटा: गाळले नाही, कारण ते माझ्याच बाजूचे आहे. त्याच प्रयोगात माद्यांचा प्रतिकारही ढिला पडला. चोरच उरला नाही, तर कुलूप कोण लावील?

बरणीवाली: बाटलीचा आक्षेप चवळीच्या भुंगेऱ्याला लागू पडत नाही, कारण कितीतरी पिढ्या माणसाच्या कोठारातच वाढलेल्या या किड्याला बरणी हेच रान. गेल्या पावसाळ्यात एका दुकानदाराने 'नवा माल' म्हणून दिलेल्या पाच किलो चवळीच्या सालीवर महिन्याभरात पांढरी अंडी आणि दाण्यांना गोल भोके दिसली, वर तोच म्हणाला, "तुम्ही एरंडेल लावले नाही." भिंगातून पाहिले, तर मादी मागच्या पायांनी नराला लाथा झाडत होती. नराचे जननांग काटेरी असते. क्रजिंग्टन आणि सिवा-जोथी या संशोधकांनी २००० मध्ये दाखवले की, मादीला लाथा मारता आल्या नाहीत, तर समागम लांबतो आणि तिच्या जखमा वाढतात.

शांतिपाठ: दुकानदाराचे खरेच होते, एरंडेलाने अंडी गुदमरतात.

कोरडवाहू: एरंडेलाचे कौतुक पुरे. या भुंग्याची अंडी शेतातच शेंगांवर पडतात. कीड घरात शिरल्यावर तेल चोळून काय साधणार? आमच्या आजीने आयुष्यभर राख वापरली, तिची चवळी कधी भुरभुरली नाही.

बरणीवाली: आपल्या आजीची चवळी वाण्याकडून आलेली नव्हती, एवढे ध्यानात घ्यावे.

शांतिपाठ: राख आणि तेल बाजूला ठेवू. कोरड्या दाण्यांत राहणाऱ्या त्या मादीला नराच्या वीर्यातून पाणी मिळते. पाणी पाजलेल्या माद्या पुन्हा जुगायला तितक्या राजी नसतात. हे देणे आपल्या हिशेबात कोठे आहे?

रानवाटा: पाणी मिळते, हे मान्य, नाइलाजाने मान्य. तहानलेलीला काट्यांच्या तांब्यातून पाणी पाजण्याला आपण सहकार्य म्हणत असाल, तर तो शब्द आपल्याला लखलाभ होवो.

बरणीवाली: माझी उरलेली चवळी उन्हात पसरली आहे. भुंगे अजून ताटातच जुगत आहेत.