मदत हवी आहे: एडिन झेकोचे व्होल्फ्सबुर्गमधले जुने सामने कुठे बघता येतील?

नमस्कार मंडळी. बोस्नियाचा फुटबॉल स्ट्रायकर झेको याच्यावर सविस्तर लिहायला घेतलंय. सारायेवोच्या झेल्येझ्निचार क्लबमध्ये तो मिडफिल्डला खेळायचा, तिथून चेक लीगमध्ये टेप्लिट्सेला गेला आणि 2007 मध्ये जर्मनीतल्या व्होल्फ्सबुर्ग क्लबला. मला अडलंय ते इथेच. 2008-09 मध्ये त्याने 26 आणि त्याचा जोडीदार स्ट्रायकर ग्राफितेने 28 गोल करून क्लबला बुंडेसलिगा (जर्मनीची सर्वोच्च लीग) जिंकून दिली, पण मिळतात फक्त गोलांच्या क्लिप्स. चेंडू नसताना तो बचावपटूंना कसा ओढून न्यायचा, हे त्यात दिसतच नाही. पुढे मँचेस्टर सिटीसाठी क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स) विरुद्ध 92व्या मिनिटाला मारलेला हेडर सगळ्यांना पाठ आहे. माझ्या मते त्याची खरी घडण मात्र जर्मनीतलीच. त्या मोसमातले पूर्ण सामने अधिकृतपणे कुठे मिळतील? जर्मनीत राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.