प्रति: प्रॉक्सीत फक्त इंटरफेसच्याच मेथड?

जावाला पायथनचा कोड प्रॉक्सीमार्फत (जावाचे कॉल झेलून पुढे पाठवणारा मधला ऑब्जेक्ट) जोडायचा, तर "इंटरफेसमधल्या (जावाने ठरवलेली मेथडची यादी) तेवढ्या मेथड पायथनमध्ये लिहिल्या की प्रॉक्सी तयार" असं इथे कोणीतरी म्हटलंय. ते बहुतांशी बरोबर, पण अर्धवट आहे. जावाचा डायनॅमिक प्रॉक्सी (१.३ पासून आहे) हॅशकोड, इक्वल्स आणि टूस्ट्रिंग (प्रत्येक जावा ऑब्जेक्टला मुळातच असलेल्या मेथड) हे तिन्ही कॉलसुद्धा आपल्या हँडलरकडेच (कॉलला उत्तर देणारा आपला कोड) पाठवतो. गेटक्लास मात्र पाठवत नाही.

आमच्याकडे हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये काट्याचं सॉफ्टवेअर जावात आणि पावत्यांचा भाग पायथनमध्ये आहे, मधला पूल हाताने लिहिलेला. वजनाचा लिसनर (नवं वजन आलं की ज्याला कळवायचं तो ऑब्जेक्ट, इथे पायथनचा प्रॉक्सी) जावा हॅशसेटमध्ये (हॅशकोड वापरून वस्तू ठेवणारा संच) ठेवायचा. ठेवतानाच हॅशकोडचा कॉल पायथनकडे गेला, तिथे तशी मेथडच नाही, हँडलरने नल परत दिलं. इंट (पूर्णांक) हवा तिथे नल (काहीच नाही) आलं की थेट नलपॉइंटरएक्सेप्शन! बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि पोरं बिचारी पायथनच्या कोडमध्ये चूक शोधत बसलेली.

हँडलरच्या पहिल्याच ओळीत आलेली मेथड जावाच्या मूळ 'ऑब्जेक्ट' या क्लासची आहे का ते तपासा (वरच्या तिन्ही मेथड तिथल्याच). असेल तर उत्तर जावातच द्या: हॅशकोडला आयडेंटिटीहॅशकोड (जावाचा स्वतःचा तयार आकडा), इक्वल्सला सरळ दुहेरी बरोबरची (==) तुलना. सेटमधल्या प्रत्येक शोधासाठी पायथनपर्यंतची फेरीही वाचते, आणि जुन्या कॉम्प्युटरवर तो फरक चांगलाच जाणवतो.