शब्दचर्चा : 'सायफर'ला मराठीत काय म्हणावं?

'सायफर'साठी मराठी शब्द हवा आहे. बातम्यांत येतो तो सांकेतिक मजकूरवाला नव्हे, रॅप करणाऱ्या पोरांचा. दहा-बारा जण गोल उभे राहतात, एक जण तोंडाने बीट धरतो आणि ज्याला सुचेल तो आपल्या ओळी सुरू करतो. त्याचा दम संपत आला की दुसरा कुणीतरी उचलतो. बीट थांबू द्यायची नाही, एवढाच नियम.

मी कुर्ल्यात वाढलो. २०१४ मध्ये कुर्ल्याच्याच नेझी या रॅपरचं 'आफत' आलं तेव्हा मी नववीत होतो. आयपॅडवर केलेलं गाणं, आणि भाषा आमच्या नाक्यावरची. तोवर रॅप म्हणजे माझ्यासाठी लांबच्या देशातली गोष्ट होती. त्या पावसाळ्यानंतर आम्ही रोज संध्याकाळी मैदानाच्या कोपऱ्यात जमायला लागलो.

आई विचारायची, "सातला कुठे असतोस?" मी म्हणायचो, "सायफरला." तिला 'सफरीला' ऐकू यायचं. कसली सफर, हे मला दुसऱ्या शब्दांत सांगता यायचं नाही. एकदा बाजारातून येताना तिने आम्हाला पाहिलं आणि घरी आल्यावर म्हणाली, "कोंडाळं करून उभे असता होय!" चित्र बरोबर होतं. पण 'कोंडाळं' म्हटलं की उद्योग नसलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. 'टोळकं' तर त्याहून वाईट, पुढचं वाक्य पोलिसांचंच असणार असं वाटतं. ज्यात ठपका नाही असा शब्द मला हवा आहे.

हट्टाचं कारण सांगतो. घरी मराठी, शाळेत मराठी, पण ओळी लिहायच्या त्या मुंबईच्या हिंदीत, कारण सगळे तसंच लिहायचे. अकरावीत असताना आजोबांच्या गावच्या घरावर लिहायला बसलो आणि त्यात 'उंबरा' आला. तो काही केल्या हिंदीत जाईना. 'चौखट' लिहिलं की आजोबा तिथे बसलेले दिसेनात. शेवटी सोळाच्या सोळा ओळी मराठीत झाल्या. गोलातल्या निम्म्या पोरांना मराठी धड येत नव्हतं, तरी बीट धरणाऱ्याने ती शेवटपर्यंत सोडली नाही. माझ्या भाषेला पहिल्यांदा जागा मिळाली ती तिथे. त्या जागेचं नाव माझ्या भाषेत नसावं, हे मला अजून खुपतं.

प्रतिसाद

कोशात 'सायफर'चे अर्थ शून्य आणि सांकेतिक लिपी असे आहेत. त्यांचा गोल उभं राहण्याशी काय संबंध? आणि 'कलगीतुरा' हा तयार शब्द असताना नवा कशाला शोधायचा?

धागाकर्ता

संबंध आहे, आणि तो थेट आपल्यापर्यंत येतो. अरबीत 'सिफ्र' म्हणजे रिकामं. भारतीय गणित अरबांकडे गेलं तेव्हा 'शून्य'साठी त्यांनी हाच शब्द वापरला. पुढे लॅटिन आणि फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत 'सायफर' झाला. 'झीरो' त्याचाच भाऊ. गुप्त लिपीचा अर्थ नंतर चिकटला.

१९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीयांची 'फाइव्ह पर्सेंट नेशन' ही चळवळ सुरू झाली. त्यांच्या अंकविद्येत शून्य म्हणजे सायफर, म्हणजेच पूर्ण वर्तुळ, ३६० अंश. गोल उभं राहून ते आपली शिकवण म्हणत, त्या गोलालाही सायफरच म्हणत. राकिमसारखे रॅपर याच वळणातले. तिथून हा शब्द हिप हॉपमध्ये रुजला.

कलगीतुऱ्याबद्दल मात्र माझी हरकत आहे. तिथे दोन पक्ष असतात, कोडं घालायचं आणि समोरच्याला अडवायचं. हिप हॉपमध्ये त्याला 'बॅटल' म्हणतात आणि त्यासाठी 'कलगीतुरा' अगदी चपखल आहे. सायफरमध्ये कुणी हरत नाही. एखादा अडखळला तर शेजारचा त्याची ओळ पुरी करतो. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हा फरक पुसला जाईल.

प्रतिसाद

रॅपमधलं मला काही कळत नाही, पण माझं माहेर माळशिरसकडचं. सदाशिवनगरला माउलींच्या पालखीचं गोल रिंगण लहानपणापासून पाहिलंय. अश्व धावतो तेवढंच लोक लक्षात ठेवतात. त्याआधी पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, वीणेकरी धावतात. ज्याची त्याची पाळी येते आणि कुणी कुणाशी शर्यत लावत नाही. तुम्ही लिहिलंय ते वाचताना मला तेच दिसलं. 'रिंगण' म्हणा की.

धागाकर्ता

ताई, पाळीपाळीने आणि शर्यतीविना, नेमकं हेच मला सांगता येत नव्हतं. एक अडचण वाटली होती. तुमच्या रिंगणात मधोमध पालखी असते, आमचा मध्य मोकळा. पण शून्यही आतून मोकळंच असतं, म्हणून ती अडचण मी सोडून दिली. वारीचा शब्द असा नाक्यावर आणणं कुणाला खटकत असेल तर जरूर लिहा, मला ऐकायचं आहे. क्रियापदही ठरवावं लागेल. आम्ही 'सायफर करू या' म्हणायचो, पण 'रिंगण करू या' कानाला बरं वाटत नाही. 'रिंगण धरू या' चालेल का? फेर धरतात, ठेका धरतात, तसं.

काल आईला फोनवर हा शब्द सांगितला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "रिंगण आहे म्हणाला असतास तर मीही येऊन उभी राहिले असते."