मदत हवी आहे: चार्ल्स नाइट आणि 'पेनी मॅगझिन'

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात चार्ल्स नाइट (1791–1873) या इंग्रज प्रकाशकावर बोलायचं आहे. विंडसरच्या पुस्तकविक्रेत्याचा हा मुलगा. 1832 मध्ये त्याने एका पेनीत (एक छोटं ब्रिटिश नाणं) 'पेनी मॅगझिन' हे सचित्र साप्ताहिक काढलं, कामगारालाही परवडावं म्हणून! खप दोन लाखांवर गेला. पुढे 27 खंडांच्या 'पेनी सायक्लोपीडिया' या ज्ञानकोशात मात्र त्याला मोठा तोटा झाला. कागदावरचा कर जबर होता; त्याविरुद्ध तो वर्षानुवर्षं लढला. मला हीच बाजू फार मोलाची वाटते.

बाळशास्त्री जांभेकरांचं 'दिग्दर्शन' हे मराठी मासिक 1840 चं, म्हणजे त्याच काळातलं. त्यात किंवा पुढच्या 'मराठी ज्ञानप्रसारक' या नियतकालिकात 'पेनी मॅगझिन'मधले लेख, चित्रं घेतलेली कुणी पाहिली आहेत का? जुने अंक कुठे चाळायला मिळतील?